कार्डाची पाठ आधी वाचा

पत्र (थोडं संक्षिप्त करून) :

“माझं माहेर फोंडा तालुक्यातलं. घराच्या वाटण्या व्हायच्या आहेत म्हणून दिवाळीच्या सुटीत माळा रिकामा करायला घेतला, तेव्हा बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात साठ-सत्तर पोस्टकार्डं सापडली. सगळ्यांवर फोटो आहेत. जुनं गोवं, पणजी, मुरगाव, मंगेशीची दीपमाळ, शिवाय झांझिबारसारखी काही परदेशी बंदरं. काहींच्या मागे पोर्तुगीज मजकूर आहे, दोन-तीन मोडीत आहेत, बरीचशी कोरी आहेत. आजोबांचे थोरले भाऊ पोर्तुगीज अमलात सरकारी कचेरीत कारकून होते, त्यांचीच असावीत असं आई म्हणते. तेव्हापासून मला नाद लागलाय. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणि एका भंगारवाल्याकडून मी आणखीही काही घेतली. यजमान हसतात. सासूबाई म्हणतात, रद्दी घरात नको, कसर होते. मुंबईचा एक गिऱ्हाईक सगळा डबा एकरकमी घ्यायला तयार आहे, पण पावसाळ्याआधी ठरवा म्हणतो. लिस्बनमधला चुलत भाऊ म्हणतो, मला पाठव. कार्डं किती जुनी आहेत हे ओळखायचं कसं? ठेवावीत की विकावीत? आणि एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. एका कार्डावर दागिने ल्यालेली एक तरुण बाई आहे आणि खाली ‘बायलादेइरा’ असं छापलंय. ते मी फेसबुकवर टाकणार होते, पण हात थांबला. का थांबला ते नीट सांगता येत नाही.”
— एक शिक्षिका, फोंडा

बाई,

मुंबईच्या गिऱ्हाइकाला आजच कळवून टाका की पावसाळ्याआधी काही ठरणार नाही. एकरकमी भाव देणाऱ्याला डब्यातलं नेमकं काय हवं आहे ते ठाऊक असतं आणि आपल्याला नसतं. त्याच्या घाईचं कारण बहुधा तेवढंच असतं. त्यात त्याचा काही गुन्हा नाही, धंदा आहे. पण आपण त्या घाईत सामील व्हायचं कारण नाही. दुसरं म्हणजे डबा तुमच्या एकटीचा नाही. वाटणी व्हायच्या घरातून निघालेली वस्तू आहे, आणि गोव्यात मुलगा-मुलगी बरोबरीचे वारस. भावंडांच्या कानावर आताच घाला. आज ज्याला कोणी हिंग लावून विचारत नाही, त्याला मुंबईचा भाव आला असं कळलं की उद्या सगळ्यांना आजोबांचे थोरले भाऊ आठवतील.

आता मुद्द्याचं. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, किती जुनी आणि विकू की ठेवू. माझ्या मते या दोन्हींच्या आधी एक काम आहे, ते म्हणजे नोंद. डबा उघडल्यावर कार्डं ज्या क्रमाने होती तो क्रम अजून शाबूत असेल तर मोडू नका. दोऱ्याने बांधलेली जुडी असेल तर जुडी म्हणून लिहून ठेवा. मग प्रत्येक कार्ड वेगळ्या पाकिटात, पाकिटावर (कार्डावर नव्हे) पेन्सिलीने क्रमांक, आणि दोन्ही बाजूंचं ६०० डीपीआयचं स्कॅन. कोऱ्या पाठीचंही करा. कोरी पाठ कोरी नसते, तिच्यावर छापील अक्षरं असतात, कागदाचा रंग असतो, कुठल्याशा आल्बममधून उचकटल्याचा डिंक असतो.

हे एवढं बजावून सांगतो, कारण संग्रहाची सगळ्यांत मोठी नासाडी वाळवी करत नाही, हौशी माणूस करतो. पणजी एका आल्बममध्ये, देवळं दुसऱ्यात, जहाजं तिसऱ्यात, अशी सुंदर मांडणी होते आणि त्या मांडणीत एकाच माणसाने एकाच कारकुनाला पाठवलेली पाच कार्डं पाच दिशांना जातात. सुटं कार्ड उद्याही बाजारात मिळेल. पोर्तुगीज कचेरीतल्या एका हिंदू कारकुनाने काय जमवलं, त्याला कोण लिहीत होतं, त्याने काय कोरंच जपून ठेवलं, हे सांगणारा अख्खा डबा मिळत नाही. तुमच्याकडची खरी दुर्मीळ वस्तू तो डबा आहे. म्हणून म्हापशाहून आणलेली कार्डं त्यात मिसळू नका. ती वेगळी ठेवा, आणि कोणाकडून, कधी, कितीला घेतली ते त्यांच्यासोबत लिहा.

वयाकडे येऊ. फोटो पोस्टकार्डाला तीन तारखा असतात : फोटो काढल्याची, कार्ड छापल्याची आणि टपालात टाकल्याची. तिन्हींमध्ये वीस वर्षांचं अंतर सहज असू शकतं. छायाचित्रकाराकडे जुनी काच (म्हणजे तेव्हाची निगेटिव्ह) पडून असायची, खपतंय तोवर तो तीच छापत राहायचा. म्हणून ‘१९१२ चा शिक्का आहे, म्हणजे १९१२ ची पणजी’ असं म्हणू नका. शिक्का एवढंच सांगतो की फोटो त्यानंतरचा नाही.

चित्र बाजूला ठेवा आणि कार्ड उलटं करा. मधोमध उभी रेघ आहे का? सुरुवातीच्या कार्डांची पाठ फक्त पत्त्यासाठी असायची; मजकूर लिहायचा तर चित्राच्या कडेला, सापडेल त्या मोकळ्या जागेत. पाठ दुभागून डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता लिहायची मुभा ब्रिटनने १९०२ मध्ये दिली, जर्मनीने १९०५ मध्ये, अमेरिकेने १९०७ मध्ये. आणि १९०६ च्या रोमच्या जागतिक टपाल परिषदेनंतर ती देशोदेशींच्या टपालात मान्य झाली. म्हणजे चित्राभोवती वळणावळणाने लिहिलेलं कार्ड दिसलं तर ते विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं किंवा त्याआधीचं धरायला हरकत नाही. अर्थात, गावातल्या दुकानात जुना माल किती वर्षं पडून राहतो हे आपल्याला माहीत आहे.

मग छापील अक्षरं. ‘इंदिया पोर्तुगेझा’ असं असेल तर त्या रोमन अक्षरांत झेड आहे की एस ते पाहा. पोर्तुगालने १९११ मध्ये शुद्धलेखन सुधारलं आणि झेड जाऊन एस आला. गोव्यातल्या छापखान्यांनी लगेच ऐकलं असेलच असं नाही, पण एस असलेलं कार्ड सहसा त्यानंतरचं. पणजीला ‘नोव्हा गोवा’ म्हटलं असेल तर त्याने फार काही कळत नाही, कारण ते नाव १८४३ पासून पुढे कितीतरी काळ चाललं. तिकीट असेल तर काम सोपं होतं. राजा कार्लुशचा मुखडा म्हणजे राजेशाहीतलं तिकीट. त्याच मुखड्यावर आडवं-तिरपं ‘रेपुब्लिका’ छापलेलं असेल तर ऑक्टोबर १९१० च्या क्रांतीनंतरचं. लिस्बनमध्ये राजा गेला, पण त्याच्या तिकिटांचे गठ्ठे शिल्लक होते. ते टाकून कसे देणार? पुढे सेरेस ही धान्याची देवी तिकिटावर आली. किंमत रेइस, तांगा, रुपयांत असेल तर १९५९ च्या आधीचं, इश्कूद आणि सेंतावांत असेल तर १९६१ च्या गोवा मुक्तीपूर्वीच्या शेवटच्या तीन वर्षांतलं.

आणि हो, तिकिटं सोडवू नका. वाफेवर धरून तिकीट अलगद काढणारे ‘जाणकार’ तुम्हाला भेटतील. कार्डावरचं तिकीट, त्याच्यावरचा अर्धा शिक्का आणि कार्डावर उतरलेला उरलेला अर्धा, हे सगळं मिळून एक पुरावा असतो. तिकीट काढलं की दोन्हीकडे अर्धवट उरतं.

मोडीतली कार्डं आधी वाचून घ्या असं मी म्हणेन. त्यांवर शके असेल, तर ७८ मिळवा; पौष-माघ-फाल्गुनातलं असेल तर बहुधा ७९. शके १८३२ म्हणजे इसवी सन १९१०-११. ‘सा. न. वि. वि.’ नंतर जो घरगुती मजकूर येतो (कोणाचं लग्न ठरलं, कोणाला ताप आला, नारळ कितीला गेले) तोच माणसं ओळखायला उपयोगी पडतो. पोर्तुगीज कार्डांवर बऱ्याचदा नुसत्या आठवणी आणि सलाम असतात. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत; देवस्थानाच्या जुन्या दफ्तराशी संबंध आलेल्या एखाद्या महाजनाला (देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदाला) विचारा, निघेल कोणीतरी.

आता चित्र बघा. गोवेकराला एक सोय आहे, आपल्या इमारतींनी स्वतःच तारखा लिहून ठेवल्यात. जुन्या गोव्याचं बॉं जेझू चर्च आज तांबड्या चिऱ्यांचं दिसतं, पण ते तसं कायम नव्हतं. त्याच्यावर चुन्याचा गिलावा होता, तो १९५० च्या सुमारास पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार काश्त्रु यांच्या देखरेखीत खरवडून काढला गेला. कार्डावर बॉं जेझू पांढरं असेल तर फोटो त्याआधीचा. (तो गिलावा काढणं ही मोठी चूक होती, असं आज पावसात पाझरणारा चिरा पाहून पुष्कळ जाणकार म्हणतात. मीही त्याच बाजूचा.) सेंट ऑगस्टिनचं त्याहून नेमकं आहे. १८४२ मध्ये त्या चर्चचं छत कोसळलं, पण दर्शनी भिंत उभी होती. १९३१ मध्ये ती आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. कार्डावर मनोऱ्याशेजारी भिंत दिसत असेल तर १९३१ च्या आधीचं, एकटा सुळका दिसत असेल तर नंतरचं. पणजीत जुन्या सचिवालयाच्या, म्हणजे आदिलशहाच्या वाड्याच्या बाजूला संमोहनविद्येसाठी गाजलेल्या आबे फारियाचा पुतळा आहे, झोपलेल्या बाईवर हात रोखलेला. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केलेला हा पुतळा १९४५ मध्ये बसला. फोटोचा कोन तोच असून पुतळा नसेल तर काय ते समजा. मुरगाव बंदरात रेल्वेचे डबे दिसले तर १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धाआधी जाऊ नका, कारण रुळ ब्रिटिश हद्दीला १८८८ मध्ये जाऊन भिडले. आणि मांडवीवर मोठा पूल दिसतोय म्हणजे कार्ड मुक्तीनंतरचं. सत्तरच्या दशकाआधी तिथे फेरीबोटीशिवाय काही नव्हतं.

जुन्या गोव्याची कार्डं डब्यात जास्त असतील तर नवल नाही. सेंट झेवियरच्या शवदर्शनाच्या वर्षांत, म्हणजे १९००, १९१०, १९२२, १९३१ या सालांत, लाखभर पावलं तिथे वळायची आणि आठवण म्हणून कार्ड घेतलं जायचं, हिंदूही घ्यायचे. म्हणूनच बॉं जेझूचं कार्ड सर्वांत सहज मिळतं आणि भावही त्याला बेताचाच. उलट, तुमच्या मंगेशीच्या दीपमाळेकडे नीट पाहा. आवारात काय आहे, काय नाही, मंडपाचं छप्पर कौलारू आहे का, हे देवस्थानाच्या जीर्णोद्धाराच्या नोंदींशी ताडून बघता येतं. आणि गाव-बाजाराचं, होडीतल्या माणसांचं, कुठल्याशा आडवळणाच्या वाड्याचं कार्ड असेल तर ते सोडू नका. साळावली धरणाखाली गेलेल्या कुर्डी गावाचं एखादं जुनं कार्ड कुठे निघालं तर त्याची किंमत मी पैशात सांगायला धजणार नाही.

खरा फोटो की छपाई? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मुंबईवाला पहिल्यांदा हेच बघेल. घड्याळजीकडे असतं तसं दहापटीचं भिंग घ्या आणि चेहऱ्यावर किंवा आभाळावर धरा. सारख्या अंतरावरचे बारीक ठिपके दिसले तर ती साध्या हाफटोन ब्लॉकची छपाई, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखी. ठिपके नाहीत, पण अळीने खाल्ल्यासारखी वेडीवाकडी रवाळ जाळी दिसली तर कोलोटाइप, म्हणजे काचेच्या पाटीवरून केलेली छपाई. त्या काळी जर्मनीतल्या छापखान्यांचा त्यात हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हिंदुस्थानातली पुष्कळ कार्डं तिकडूनच छापून यायची. काहीच दिसलं नाही, करडा रंग नुसता वितळत गेलेला दिसला, तर तो फोटोग्राफीच्या कागदावर काढलेला खरा फोटो. जुन्या खऱ्या फोटोंत गडद भागाच्या कडेला तिरकं धरल्यावर चंदेरी झाक चमकते. चांदीच वर आलेली असते ती. रंगीत कार्डं बहुतेक काळ्या-पांढऱ्यावर नंतर चढवलेल्या रंगाची असतात. तेव्हा नऊवारीचा हिरवा रंग पाहून ‘तेव्हा हिरवी नेसायच्या’ असा निष्कर्ष काढू नका. तो रंग परदेशातल्या कामगाराने ठरवलेला असू शकतो.

खऱ्या फोटोच्या पाठीवर तिकिटाच्या चौकटीत कधी कधी एखादं नाव असतं : आझो, वेलॉक्स, गेव्हर्ट, लिओनार. हे कागद बनवणाऱ्यांचं नाव, छायाचित्रकाराचं नव्हे. छायाचित्रकाराचं नाव असलंच तर चित्राखाली किंवा पाठीच्या कडेला बारीक अक्षरांत असतं. ‘सौझा अँड पॉल, नोव्हा गोवा’ असं दिसलं तर खूश व्हा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पणजीत काम केलेली ही जोडी गोव्याच्या छायाचित्रणाच्या इतिहासातलं मोठं नाव आहे. आणखी एक : घरच्या आल्बममध्ये आजी-आजोबांचे जे ‘फोटो’ आहेत तेही एकदा उलटून बघा. साडेतीन बाय साडेपाच इंचांचे असतील तर बरेचसे पोस्टकार्डाच्याच कागदावर निघतील. स्टुडिओवाले सर्रास तसं छापून देत.

नकली कार्डांबद्दल थोडक्यात. दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो छोटा जांभळा दिवा अंधारात कार्डाच्या पाठीवर धरा. कागद निळसर-पांढरा लखलखला तर त्यात उजाळा देणारं रसायन आहे, आणि ते साधारण १९५० नंतर आलं. ‘१९०५ चं’ म्हणून विकलेलं कार्ड असं चमकलं तर परत करा. चमकलं नाही म्हणजे जुनंच, असं मात्र नाही.

परदेशी बंदरांच्या कार्डांनी तुम्ही बुचकळ्यात पडलेल्या दिसता. कारकुनाच्या डब्यात झांझिबार कसं? अहो, गोव्याच्या डब्यात झांझिबार नसतं तर मी चकित झालो असतो. आपले तारवटी जहाजांवर होते, आपले लोक मुंबईच्या धोबीतलावच्या कुडांपासून (गोवेकरांच्या गावोगावच्या सामाईक खोल्यांपासून) मोंबासापर्यंत पसरले होते. झांझिबारात तर फोटो काढून कार्डं विकणाराच गोवेकर होता, ए. सी. गोम्स या नावाची झांझिबारची कार्डं आज जगभर संग्राहक शोधत असतात. त्या कार्डांच्या पाठी तपासा. कोऱ्या असतील तर कोणीतरी हातोहात आणून दिली असतील, आणि तो ‘कोणीतरी’ तुमच्या कुळवृत्तांतात किंवा शेजारच्या ख्रिस्ती वाड्यात सापडेल. तिथल्या म्हाताऱ्यांना विचारायला मात्र पुढच्या सुटीची वाट पाहू नका.

थोरल्या आजोबांचा माग काढायचा तर एक सरळ रस्ता आहे. पोर्तुगीज सरकारचं राजपत्र, ‘बोलेतीं’, १८३७ पासून निघत होतं, आणि त्यात कारकुनांच्या नेमणुका, बदल्या, रजा छापून येत. पणजीत पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ सालची संस्था. तिथे जुन्या वर्तमानपत्रांसाठी आणि पुस्तकांसाठी जा. पुराभिलेख खात्यात सरकारी कागद, पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये इतिहासाची पुस्तकं. मराठी बाजू हवी तर १९१२ पासून निघालेलं हेगडे देसायांचं ‘भारत’ हे वर्तमानपत्र चाळा. पोर्तुगीज बाजू हवी तर १९०० सालापासूनचं ‘ओ हेराल्दो’ हे दैनिक. नुसतं ‘जुनी पोस्टकार्डं बघायचीत’ म्हणून गेलात तर कपाटातलं काहीच निघणार नाही. ‘अमुक आडनावाचा कारकून, १९०५ ते १९३०, बदल्या’ असं विचारा. तुमच्या थोरल्या आजोबांची एखाद्या साली मुरगावला बदली झाल्याचं सापडलं, तर डब्यातली मुरगावची कार्डं एकदम बोलू लागतील.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. कसर खरंच होते. जुन्या डिंकावर, खळीवर ती तुटून पडते. गोव्याचा पावसाळा फोटोंचा वैरी आहे. फोटोवरचा जिलेटिनचा थर दमट हवेत मऊ होतो आणि ज्याला टेकेल त्याला चिकटतो. म्हणून काचेच्या फ्रेममध्ये काचेला टेकवून कार्ड लावू नका. दुकानात मिळणारे चिकट पानांचे आल्बम नकोत, पीव्हीसीची घमघमणारी पाकिटं नकोत. पॉलिप्रोपिलीनची किंवा पॉलिएस्टरची घ्या. सेलोटेप कधीच नाही. लॅमिनेशन करून देतो म्हणणाऱ्याच्या दुकानासमोरून लांबून जा. कपाट बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला टेकलेलं नको, ती जूनपासून ऑक्टोबरपर्यंत घाम गाळते. घराच्या मधल्या खोलीत, हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि जेल अधूनमधून तापवून कोरडं करा. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र फार महाग नसतं, डब्यात ठेवा. काटा पन्नाशीच्या खाली राहिला तर बरं. डांबराच्या गोळ्या कार्डांत टाकू नका. बुरशी दिसली तर ते कार्ड वेगळं करून वाळू द्या, मग मऊ कुंचल्याने, घराबाहेर, नाकावर फडकं बांधून झटका. उन्हात घालू नका. माळ्यावरचं सगळं एकदा उन्हात घालायची आपली सवय कार्डांना भोवते. आणि तो बिस्किटांचा डबा गंजला असेल तर कार्डं त्यात परत ठेवू नका, पण डबाही टाकू नका.

आता त्या बाईचं कार्ड.

तुमचा हात थांबला ते बरोबरच झालं. का थांबला ते मी सांगून पाहतो. त्या कार्डाखालचं ‘बायलादेइरा’, म्हणजे ‘नाचणारी’, हे नाव त्या बाईने स्वतःला दिलेलं नाही. ते विकणाऱ्याने, विकत घेणाऱ्यासाठी दिलेलं आहे. त्या काळी युरोपीय गिऱ्हाइकाला देवळं, नारळ आणि ‘नाचणारी बाई’ एकाच कागदावर, एकाच किमतीत मिळत होती. अशा कार्डांवर बाईचं नाव जवळजवळ कधीच नसतं. ती कोण, कुठल्या देवळाशी जोडलेली, गात होती की नाचत होती, फोटोला उभी राहायला तिला कोणी विचारलं का, यातलं काही कार्ड सांगत नाही. खरं तर ती कलावंत, म्हणजे देवळात गाण्या-नाचण्याची सेवा करणाऱ्या घरांतली, होती की स्टुडिओत दागिने घालून बसवलेली कोणी दुसरीच, याचीही खात्री छापील ओळीवरून देता येत नाही. गोव्यात हे केवळ इतिहासाचं प्रकरण नाही. त्या परंपरेतल्या घरांतून गायिका केसरबाई केरकरांसारखी माणसं आली, आणि त्या घरांतल्या लोकांनी टोमणे सोसत, लढत, शिकत स्वतःचं स्थान मिळवलं. तुमच्या वर्गात त्या घरांतली मुलं बसत असतील. फेसबुकवर कार्ड टाकलंत की पहिल्या दहा प्रतिक्रियांत काय येईल ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून हात थांबला.

लपवून ठेवा असं मात्र मी म्हणत नाही. त्याचीही इतरांसारखीच पूर्ण नोंद करा. नोंदीत छापील मथळा अवतरणात, ‘कार्डावर असं छापलं आहे’ म्हणून लिहा; तुमचं वर्णन वेगळं लिहा : उभी बाई, अमुक दागिने, मागे रंगवलेला पडदा. दागिन्यांवरून, लुगड्याच्या नेसणीवरून, पडद्यावरून (तोच पडदा दुसऱ्या कार्डात असेल तर स्टुडिओ सापडला) पुष्कळ कळतं. या विषयावर काम करणारी, त्या समाजातलीच अभ्यासू माणसं गोव्यात आहेत. त्यांना कार्ड दाखवा आणि त्यांचं म्हणणं ऐका. ते छापायचं की नाही, कुठल्या मजकुरासोबत छापायचं, हे त्यानंतर ठरवा. आणि मुंबईच्या गिऱ्हाइकाला ते एकटं कार्ड वेगळं काढून हवं असेल, तर माझं मत विचाराल तर देऊ नका. असल्या कार्डांना भाव आहे हे खरं. कशासाठी आहे, हेही तुम्हाला समजतं.

लिस्बनच्या भावाला कार्डं पाठवू नका, स्कॅन पाठवा. १९७२ च्या पुराणवस्तू आणि कलानिधी कायद्यात शंभर वर्षांपूर्वीच्या कलावस्तू येतात आणि ऐतिहासिक मोलाचा कागद असेल तर पंचाहत्तर वर्षं पुरतात; अशा वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. एखादं कार्ड त्यात मोडतं की नाही हे पुरातत्त्व खात्याला विचारूनच ठरवावं लागेल, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा भावाला कामाला लावा. पोर्तुगीज हस्ताक्षर तो वाचून देईल. लिस्बनला सागरापारच्या वसाहतींचं मोठं पुराभिलेखागार आहे, तिथे त्याला जाता येईल. तुम्हाला इथून जमणार नाही ते तो करेल. त्याला वाटा हवा असेल तर हाच खरा वाटा.

विकायचं का? नोंद पूर्ण झाली, भावंडांचं एकमत झालं, तर डब्यातली दुहेरी, कोरी, सहज मिळणारी कार्डं विकायला माझी हरकत नाही. घरात गळकं कौल असताना बॉं जेझूची तीन सारखी कार्डं धरून बसण्यात शहाणपण नाही. लिहिलेली, टपालातून आलेली, थोरल्या आजोबांच्या नावाची कार्डं मात्र एकत्र राहू द्या. घरात ठेवायचा कंटाळा आला तर एखाद्या ग्रंथालयाला किंवा पुराभिलेख खात्याला द्या, पण डबा म्हणून द्या आणि पोच घ्या. विकलंत तर एकाच गिऱ्हाइकाच्या भावावर जाऊ नका; टपाल तिकिटं जमवणाऱ्यांच्या प्रदर्शनाला एकदा जाऊन या, तिथे चित्र-पोस्टकार्डंही मांडलेली असतात आणि भावाचा अंदाज फुकटात येतो.

म्हापशाच्या बाजारात जात राहा, नाद वाईट नाही. भंगारवाल्याला फक्त एवढं सांगून ठेवा : आल्बम आला तर पानं फाडू नकोस, पाकीट आलं तर तिकीट काढू नकोस, आणि कोणाच्या घरातून आलं ते विसरू नकोस, त्याचे दहा रुपये जास्त देईन.